एका मुलीचे दोन केसपेपर

माझी धाकटी बहीण शाळकरी होती तेव्हा एका थंडीत तिला ताप आला आणि गुडघे सुजले. गुडघे उतरले की घोटे सुजायचे, घोटे उतरले की मनगटं. आईनं निर्गुडीचा शेक दिला, आजूबाजूच्या बायकांनी वाढीचं दुखणं म्हणून सोडून दिलं. महिन्याभरानं जिना चढताना तिला धाप लागायला लागली, तेव्हा वडील तिला सोलापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं कळलं की तापानं सांधे सोडले, पण हृदयाची एक झडप धरून ठेवली होती.

झडप दुरुस्त होण्यातली नव्हती. ती आणखी बिघडू द्यायची नाही, एवढंच हातात होतं, आणि त्यासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं. पंचविशी उलटेपर्यंत घ्यायचं, चुकवायचं नाही. चुकलं तर ताप परत येणार आणि त्या खेपेला झडप आणखी आवळणार. तिला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी थोरली आणि माझ्या लग्नाचं काही जमत नव्हतं. सात रस्त्याजवळच्या आमच्या खोल्यांपासून दवाखान्यापर्यंत आम्ही चालत जायचो, हळू. इंजेक्शन भयंकर दुखायचं. ती रडायची नाही, माझा दंड घट्ट धरायची आणि बाहेर आल्यावर मला म्हणायची, "आक्का, आज मुळीच दुखलं नाही." माझ्या दंडावर तिची नखं उमटलेली असायची.

त्या बाकावर वर्षानुवर्षं बसूनच मला नोकरी लागली. मी बी.एस्सी. झाले होते, शाळांमधून अर्ज करून दमले होते. हृदयाचा बाह्यरुग्ण विभाग पाहणारे सर एक संशोधन योजना चालवणार होते, आणि त्यांना डॉक्टरांचं अक्षर वाचता येईल असं माणूस हवं होतं. ते काही येरागबाळ्याचं काम नव्हे. मी बहिणीचा पेपर वाचून वाचून त्यात तयार झाले होते. सरांनी माझ्यापुढे एक केसपेपर टाकला, मी घडाघडा वाचला, दुसऱ्या दिवसापासून कामावर.

सरांचा प्रश्न साधा होता. जी मुलं नेमानं इंजेक्शन घेतात त्यांचा ताप खरंच परत येत नाही का, आणि त्यांच्या झडपांचं पुढं काय होतं? उत्तर काढायला रुग्णांवर नवं काही करायचं नव्हतं. सगळं केसपेपरांत लिहिलेलं होतंच, फक्त ते धुळीत आणि गठ्ठ्यांत पडलं होतं. मी ते काढायचं, झटकायचं, आणि प्रत्येक पेपरातली हकीगत आकड्यांमध्ये उतरवायची. मुलगा असेल तर एक, मुलगी असेल तर दोन. इंजेक्शन नेमानं घेतलं तर हा आकडा, अधूनमधून चुकलं तर तो. त्या तक्त्यांवरून मुंबईला जाड पुठ्ठ्याची कार्डं भोकं पाडून तयार व्हायची आणि तिथल्या एका संस्थेतल्या कॉम्प्युटरमध्ये जायची. मी कॉम्प्युटर कधी पाहिला नाही. वडील शाळामास्तर, ते घरी कौतुकानं सांगायचे, की आमची पोरगी मुंबईच्या यंत्राला सोलापूरच्या आजाऱ्यांची माहिती पुरवते. आई म्हणायची, यंत्राला म्हणावं हिला एखादं स्थळ सुचव.

अडचण एकच होती, माणूस ओळखायचा कसा. तेव्हा माणसाला कायमचा नंबर नव्हता. दोन वर्षांनी परत आला की नवा पेपर. हा आणि तो एकच, हे नाव, बापाचं नाव, गाव आणि वय यांवरून मीच ठरवायचं. वय तर विचारूच नका. आमच्याकडे माणूस दुष्काळाच्या आगेमागे जन्मतो, आणि दुष्काळ तर सारखेच पडतात. तरी मुलगे सापडायचे. दाढीमिशा येऊनही त्यांचं नाव तेच राहायचं. मुली मात्र सोळा-सतरा वर्षांच्या झाल्या की पेपरातून नाहीशा व्हायच्या.

"बऱ्या झाल्या असतील," सर म्हणाले. "त्रास नसला की लोक येत नाहीत."

"सर, लग्नं झाली असतील."

"मग लग्नानंतर इंजेक्शन घ्यायला काय हरकत आहे?"

सर फार शिकलेले आणि मनानं निर्मळ होते, पण त्यांना बहीण नव्हती, मुलगी नव्हती. अशा मुलींसाठी आमच्या तक्त्यात एक वेगळा आकडा होता. त्याचा अर्थ होता 'संपर्क तुटला'. आणि शेवटच्या खेपेला प्रकृती ठीक होती असं पेपरात असेल, तर तेही पुढच्या रकान्यात लिहायचं. म्हणजे यंत्राच्या लेखी ती मुलगी बरी होती आणि कुठंतरी गेली होती, एवढंच.

मग आमच्याच घरी स्थळ आलं. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. ती गोरीपान होती, आणि झडप काही चेहऱ्यावर दिसत नाही. माळशिरसकडचं बागायती घर, मुलगा मॅट्रिक झालेला, शेती पाहणारा. आईचा आनंद गगनात मावेना. मी म्हटलं, त्यांना आधी सांगायला हवं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच झडप बिघडवली होती.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणाली. "एकदा सांगितलंस की या जन्मात तिचं लग्न होत नाही. पुढं संसारात रुळली की सावकाश सांगू."

"आणि इंजेक्शनं?"

"काढू काहीतरी निमित्त. तू तेवढं तोंड आवर. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

वडील वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटत नव्हते. मी तरीही सांगितलं असतं. माझा स्वभाव आगाऊ आहे आणि आईच्या रागाची मला सवय होती. पण संध्याकाळी भांडी घासताना बहीणच माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"आक्का, सांगू नकोस. मला कुणी खो-खो खेळू दिलं नाही, सहलीला जाऊ दिलं नाही, पाण्याची घागर उचलू दिली नाही. मला लग्न तरी करू दे."

मी राखेनं तेच पातेलं पुन्हा घासत बसले. पाहुणे आले त्या दिवशी आईनं मला चहाच्या आधणापाशी उभं केलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

लग्न झालं. सासरच्या उंबऱ्यातून आत गेल्यावर ताटात तांदूळ पसरले, आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं. आमच्यात मुलीचं आडनावच नव्हे, तिचं पहिलं नावही बदलतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नवं नाव चांगलं होतं, तिला शोभणारं होतं. बायका हसल्या, तीही हसली. त्या क्षणी मला दवाखान्यातलं कपाट काही आठवलं नाही. आठवायला हवं होतं असं मी आता म्हणते, पण लग्नघरात कपाटं कुणाला आठवतात.

पहिले काही महिने निमित्तं पुरली. पंचमी आली, वडिलांना बरं नव्हतं, मावशीकडं बारसं होतं. ती यायची, आम्ही जुन्या नावाच्या पेपरवर इंजेक्शन घ्यायचो, ती परत जायची. मग एकदा तिच्या सासूबाई स्वतः पोचवायला आल्या. मोठ्या मायाळू बाई. आईला म्हणाल्या, "लेक लई हळवी हाय की तुमची, सारखी माहेराकडं पळतीया. आमचं काय चुकतं का, सांगा." आई ओशाळली, बहीण तर मेल्याहून मेल्यासारखी झाली. त्यानंतर ती येईना.

मीच एकदा चिवड्याचा डबा घेऊन तिच्या गावी गेले. ती गोठ्यापासून विहिरीपर्यंत माझ्यापुढे चालून दाखवत होती. अंगानं भरली होती, खुशीत होती. मी हळूच म्हटलं, तालुक्याच्या दवाखान्यात सोय होईल, मी चिठ्ठी आणते. तिनं मान हलवली. "आता गरज नाही आक्का. मला काहीच होत नाही बघ. रात्री शांत झोप लागते." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला, कारण तसा ठेवणं बरं वाटत होतं.

त्याच सुमारास माझ्या टेबलावर तिचा पेपर आला. योजनेच्या नियमाप्रमाणे इतक्या खेपा चुकल्या की 'संपर्क तुटला' हा आकडा टाकायचा. तिच्या घरी जेवून मला महिनाही झाला नव्हता, आणि मी माझ्या हातानं तो आकडा लिहिला. पुढच्या रकान्यात प्रकृती ठीक. मला त्या कामाची तेव्हा पहिल्यांदा चीड आली.

मग तिला दिवस गेल्याची बातमी आली. आईनं देवापुढे साखर ठेवली. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, सातव्या महिन्यात ओटी भरून तिला आणायची, की मग ती सोलापुरात, सरांच्या हाताखाली, आणि सगळं सुरळीत. आम्ही सगळे सातव्या महिन्याकडे डोळे लावून बसलो. मी सरांना विश्वासात घेऊन सांगितलं. ते नेहमी हळू बोलायचे, त्या दिवशी खुर्ची मागे सारून उभे राहिले. पोटात मूल वाढतं तसं रक्त वाढतं, आणि आवळलेल्या झडपेतून ते पुढं जात नाही, फुप्फुसात तुंबतं. सातव्या महिन्याची वाट कसली पाहता, आजच आणा, असं त्यांनी मला सांगितलं.

वडील दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं गेले आणि संध्याकाळी एकटे परत आले. सहावा सरत होता. सम महिन्यात लेकीला वेस ओलांडू देत नाहीत, सातवा लागू द्या, आम्हीच गाडी करून आणून सोडतो, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सगळं आयुष्य मुलांना मुद्देसूद निबंध लिहायला शिकवणारे माझे वडील तिथं चहा पिऊन उठले, कारण खरा मुद्दा त्यांना तोंडातून काढता येत नव्हता. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते कोट न काढता खाटेवर बसून राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी, तिचा नवरा रेकॉर्ड रूमच्या दारात उभा राहिला. शर्ट घामानं चिकटला होता.

"आक्का, तिला आणलंय. पहाटेपासून श्वास लागंना. हितंच हाय, बायकांच्या वॉर्डात."

पेपर कुठल्या खणात आहे ते मला झोपेतही सांगता आलं असतं. तो घेऊन मी धावले. तालुक्याच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईनची बाटली चढवली होती, आणि इथं तिचा फिकट चेहरा पाहून दुसरी लावलेली होती. बाईच्या अंगात रक्त नाही, पोटुशी आहे, एवढंच दिसत होतं. पलंगाच्या पायथ्याशी नवा केसपेपर टांगलेला. नवं नाव, नवऱ्याचं नाव, माळशिरस तालुका. पूर्वीचे आजार या ओळीपुढे लिहिलं होतं, नाही.

आधीच रक्त तुंबलेल्या अंगात बाटल्यांनी पाणी ओतलं जात होतं. मी हाऊसमन डॉक्टरच्या हातात जुना पेपर कोंबला. त्यानं एक ओळ वाचली आणि सलाईन बंद करून सरांना बोलावणं पाठवलं. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. ओठ जांभळे पडले होते, बोलता येत नव्हतं. सासूबाई उशाशी उभ्या राहून पदरानं वारा घालत होत्या. बहिणीनं डोळ्यांनी त्यांच्याकडे खूण केली आणि तळहात खाली दाबला. तो कागद लपव, असं ती मला सांगत होती.

सर आले. सुया झाल्या, ऑक्सिजनची नळी लावली. दिवस कलायच्या आत ती गेली, पोटातल्या बाळासकट.

तोवर माझे आईवडील येऊन पोचले होते. हाऊसमन पोरसवदाच होता. तो सगळ्यांदेखत ओरडला, "झडप खराब आहे हे घरच्यांना माहीत नव्हतं का? सांगायचं नाही का कुणी?" सासूबाईंना आधी काही कळेना. मग त्यांनी माझ्या हातातल्या त्या जुन्या, कडा विरलेल्या कागदाकडे पाहिलं, आणि माझ्या आईकडे. त्या भांडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "आमी काय राक्षस हाय व्हय?"

आई भिंतीला टेकून खाली बसली. त्या दिवसानंतर आईनं माझ्यापुढे कधी आवाज चढवला नाही, आणि मला तिचा चढलेला आवाज ऐकावासा वाटायचा.

मी कामावर परत गेले, कारण घरी बसवेना. काही महिन्यांनी मुंबईहून यंत्राचे कागद आले, लांबलचक, दोन्ही कडांना भोकं असलेले. त्यांत माझी बहीण दोनदा होती. एका ओळीत एक कुमारिका, नेमानं इंजेक्शन घेणारी, ताप परत न आलेली, संपर्क तुटलेली, प्रकृती ठीक. बऱ्याच पानांनंतर दुसऱ्या ओळीत एक विवाहिता, पूर्वीचा आजार नाही, उपचार कधीच नाही, मृत. वॉर्डातल्या नव्या पेपराचा तक्ता मी रजेवर असताना दुसऱ्या कुणीतरी भरून पाठवला होता. यंत्राच्या दृष्टीनं या दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. आणि पहिली ओळ आमच्या योजनेच्या यशात धरली होती.

मी दोन्ही ओळींवर बोट ठेवून सरांना दाखवल्या. सर म्हणाले, "संपर्क तुटलेल्या सगळ्या मुली आपण बऱ्या धरल्यात." त्यांनी प्रसिद्धीसाठी तयार केलेला लेख खणात टाकला आणि मला विचारलं, की या मुलींची सासरची नावं मिळवता येतील का?

नावं माहेरच्यांनाच ठाऊक असणार. म्हणून मी घरोघर फिरायला लागले. विणकरांच्या वस्तीत मागांच्या खडखडाटात ओरडून विचारावं लागे, आणि जे ओरडून विचारायचं ते तर कुणाला ऐकू जाता कामा नये. बऱ्याच आयांनी मला दारातूनच वाटेला लावलं. एका तेलुगू बाईला मी माझ्या बहिणीचं सगळं सांगितलं. तिनं माझा हात धरला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आमच्या पोरीला काय नाही झालं. तू परत येऊ नको, अम्मा." मला तिचा संताप आला. तिच्या जागी मला माझी आईच दिसत होती, आणि आईवर तर आता रागावताही येत नव्हतं.

वर्ष होत आलं असेल तेव्हा बहिणीचा नवरा आला. मृत्यूच्या दाखल्यासाठी दवाखान्याचा कागद हवा होता. मी तो काढून दिला. तो जाईना. टोपी गुडघ्यावर ठेवून स्टुलावर बसून राहिला. मग म्हणाला, तिचा लहानपणीचा पेपर बघायला मिळेल का? मी दिला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. तो नुसता तिच्या माहेरच्या नावावरून बोट फिरवत होता.

मी म्हटलं, "आम्ही तुमची फसवणूक केली. मला सांगायचं होतं, पण..."

"मला म्हायती होतं, आक्का."

मला वाटलं त्याला माझं बोलणं कळलं नाही.

"लगीन झाल्यावर म्हैनाभरात तिनं सांगितलं मला. म्हनली, आईंना कळू देऊ नका, माझ्या आईबापाची मान खाली जाईल. आक्काला बी सांगू नका, तिच्या जीवाला घोर लागंल. मी विचारलं, सुया घ्यायच्या असतील तर सायकलीवर नेतो की तालुक्याला. तर म्हनली, कोर्स संपला माझा. मी इश्वास ठिवला."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी नाव पुकारत होतं. तो कागदाकडे पाहतच बोलत होता.

"त्या दिवशी हितं पेपर लिव्हताना बाईंनी मला इचारलं, आधी काय दुखणं होतं का हिला. माझ्या ओठावर आलं होतं, आक्का. पर आई शेजारी हुबी होती. आन् ही माझ्याकडं बघत होती. मी म्हनलं, न्हाय."

तो 'नाही' कुणाच्या तोंडचा, याचा मी वर्षभर विचार केला होता. सासूबाईंचा धरला होता, तालुक्याच्या डॉक्टरांचा धरला होता. समोर बसलेल्या या माणसावर मला ओरडता यायला हवं होतं. माझा स्वभाव तसा आहे. पण मी टेबलावरचा गठ्ठा उगाच सारखा करत राहिले.

"आक्का, तुमी रोज हेच वाचता," तो म्हणाला. "खरं सांगा. मी तवा बोललो असतो, तर जगली असती का?"

उत्तर मला येत होतं. इथली दुसरी बाटली लागली नसती. सर लगेच आले असते. तसे पेपर मी वाचले होते, तशा बाया उठून घरी गेल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "झडप फारच खराब होती. काही उपयोग झाला नसता."

त्यानं वर पाहिलं. मग तो पेपर हळूच मिटून त्यानं माझ्या पुढ्यात सरकवला.

"ती बी असंच बोलायची," तो म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून."